आमचं तर चालू होतं

इंदूरला लोकमान्यनगरात आमचं दुमजली घर होतं. खाली आम्ही, वर मोठे काका. आजोबा गेल्यावर २००४ साली स्वयंपाकघरं वेगळी झाली, पण तीन गोष्टी तरीही एकत्र राहिल्या: पाण्याची टाकी, आजी, आणि पुढच्या वर्षीपासून इंटरनेट.

पाण्याची मोटर खाली होती आणि टाकी वर. इंटरनेटचंही तसंच होतं. मोडेम आमच्याकडे, आणि वरच्यांना हवं असेल तर खालून वर चढवायचं. जिन्यातल्या छोट्या खिडकीतून एक निळी केबल निघायची, कपडे वाळत घालायच्या तारेजवळून वर जायची आणि ताईच्या टेबलामागे उतरायची. ताई म्हणजे काकांची मुलगी. ती तेव्हा इंजिनिअरिंगला होती, मी अकरावीत. आज तुमच्याकडे पासवर्ड टाकला की घरातली दहा उपकरणं एकदम जोडली जातात, म्हणून ही केबलची गोष्ट तुम्हाला पुराणातली वाटेल. पण त्या केबलमुळे आमच्या घरात जे घडलं, त्याचा मी मुख्य आरोपी आहे, आणि ते एकदा लिहून टाकावं असं बरेच दिवस मनात होतं.

ब्रॉडबँड घेतलं तेव्हा मिळालेल्या मोडेमला कॉम्प्युटरसाठी एकच भोक होतं. वायफायचे राउटर बाजारात होते, पण बाबा आणि काका दोघांच्याही मते ती चैन होती. मग मी सिल्व्हर मॉलमधून आमच्या कॉम्प्युटरसाठी दुसरं नेटवर्क कार्ड आणलं. एका कार्डात मोडेमची वायर, दुसऱ्यात वर जाणारी केबल. ही केबलही साधी चालायची नाही. क्रॉसओव्हर लागायची. दोन कॉम्प्युटर सरळ एकमेकांना जोडले, तर दोघांच्या बोलायच्या तारा समोरासमोर येतात आणि ऐकायच्या तारा समोरासमोर. दोघंही बोलणार, ऐकणार कोणीच नाही. म्हणून केबलच्या एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोड्यांची अदलाबदल करायची. मग एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जातं. दुकानदाराने मला हे असंच समजावलं होतं, आणि मी ते घरी येऊन आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "या घरात आणखी दोन-चार केबली लागतील तसल्या."

पुढचं काम विंडोज एक्सपीत होतं. इंटरनेट कनेक्शन शेअरिंग नावाची सोय विंडोजमध्ये १९९९ पासूनच, म्हणजे ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आली होती. एका चौकटीत खूण करायची, बस. तशी खूण केली की आमच्या कॉम्प्युटरला आतल्या बाजूने १९२.१६८.०.१ हा नंबर मिळायचा, आणि ताईचा कॉम्प्युटर चालू झाला की तो आमच्याकडे नंबर मागायचा. आमचा त्याला त्याच मालिकेतला एखादा नंबर द्यायचा. बाहेरच्या जगाला मात्र आमचं अख्खं घर मिळून एकच पत्ता दिसायचा.

हे मला पटकन कळलं, कारण आजोबांच्या काळात टपालाचं असंच होतं. पाकिटावर एकच पत्ता, आडनावही एकच. पोस्टमन सगळी पत्रं आजोबांच्या हातात द्यायचा आणि कुठलं पत्र वर द्यायचं, कुठलं खाली ठेवायचं हे आजोबा ठरवायचे. आमच्या कॉम्प्युटरला आता आजोबांचं काम होतं. ताईने एखादं पान मागितलं की ती मागणी तो आपल्या नावावर बाहेर पाठवायचा, कोणी मागितलं होतं ते लक्षात ठेवायचा आणि उत्तर आलं की वर पोचवायचा. आजही तुमच्या घरातला राउटर हेच करतो. फोनमधली वायफायची माहिती उघडून पाहा, बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारा नंबर दिसेल.

या व्यवस्थेत एक गोम होती. आमचा कॉम्प्युटर बंद असला की वरचं नेट बंद. त्यामुळे ताई जिन्यातून ओरडायची, "अरे, मशीन लाव!" मी घरी नसलो तर आजी काठी टेकत यायची आणि बटण दाबायची. कॉम्प्युटरचं तेवढं एकच बटण तिला माहीत होतं. महिन्याचं बिल आलं की बाबा ते निम्मं करून पानाच्या कोपऱ्यावर आकडा लिहायचे, आणि काका तेवढे पैसे आजीच्या हातात द्यायचे. दोघं भाऊ एकमेकांशी फार बोलायचे नाहीत, पण हिशोब चोख होता.

२००६ च्या मे महिन्यात बिनसलं. काकांच्या ओळखीचा एक बिल्डर घर मागत होता. काकांना ते द्यायचं होतं, बाबांना नाही. एका मंगळवारी रात्री अंगणात दोघांचं मोठ्याने भांडण झालं. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या, म्हणजे किती मोठ्याने ते समजा. बाबा शेवटी म्हणाले, "माझ्या सहीशिवाय एक वीट हलणार नाही." काका वर गेले आणि दुसऱ्या दिवसापासून आजीचं रात्रीचं ताट काकूने स्वतः न आणता जिन्याच्या पायरीवर ठेवायला सुरुवात केली.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, मी एक उद्योग केला. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर तेव्हा सीडी मिळायची. त्या सीडीत एक फुकट फायरवॉल होती. व्हायरसच्या गोष्टी ऐकून मी घाबरलो होतो, म्हणून ती लगेच टाकली. टाकल्याबरोबर ती प्रश्न विचारायला लागली. अमुक प्रोग्रॅमला बाहेर जाऊ देऊ का? तमुकला देऊ का? ओळखीची नावं आली की मी 'हो' म्हणायचो. मग एक नाव आलं: जेनेरिक होस्ट प्रोसेस. त्याला सर्व्हर म्हणून काम करायचं होतं. हा कोण बुवा, असं म्हणून मी 'नाही' दाबलं आणि खाली 'हे उत्तर लक्षात ठेव' यावर खूणही केली. आमचं इंटरनेट झकास चालू राहिलं. मी शांतपणे झोपलो.

शुक्रवारी ताईने मला जिन्यात गाठलं. "काल संध्याकाळपासून वर नेट नाहीये. बघतोस का?"

मी म्हणालो, "आमचं तर चालू आहे."

पुढचे नऊ दिवस मी याच एका वाक्यावर काढले.

काका ऑफिसला गेले की मी वर जायचो. ताईच्या पडद्यावर कोपऱ्यात पिवळा त्रिकोण होता आणि नंबर होता १६९.२५४ ने सुरू होणारा. त्याचा अर्थ मला माहीत होता. विंडोजला नंबर देणारं कोणी भेटलं नाही की ते स्वतःच असा नंबर घेऊन बसतं. म्हणजे ताईचा कॉम्प्युटर हाक मारत होता आणि उत्तर मिळत नव्हतं. मी त्याला हाताने १९२.१६८.०.२ हा नंबर दिला आणि काळ्या खिडकीत आमच्या कॉम्प्युटरला पिंग करून पाहिलं. चार वेळा एकच ओळ: रिक्वेस्ट टाइम्ड आउट.

खरं तर दोन्ही कार्डांचे हिरवे दिवे लागलेले होते. केबल तुटलेली असती तर ते लागले नसते. पण मला केबलचाच संशय होता, कारण ती उन्हात होती, तारेजवळून गेली होती आणि मुख्य म्हणजे ती आमच्या खोलीबाहेर होती. मी दोन्ही टोकांचे कनेक्टर बदलून आणले. काही फरक नाही. मग वरचं कार्ड बदललं. फरक नाही. मग ताईला म्हणालो, तुझं विंडोज बिघडलंय, नव्याने टाकावं लागेल. तिने प्रोजेक्टच्या सगळ्या फायली सीडींवर उतरवल्या आणि मी एका दुपारी तिचा अख्खा कॉम्प्युटर पुसून पुन्हा उभा केला. तरीही तेच. रोज निघताना मी म्हणायचो, "उद्या नक्की होईल."

"खाली येऊन बघत जा ना," असंही मी एकदा म्हटलं.

"बाबांना आवडणार नाही," ती म्हणाली. "आणि घाई काही नाही. कंपनीचा मेल जूनअखेर येणार आहे."

कॉलेजातल्या मुलाखतींमध्ये पुण्याच्या एका कंपनीने तिची निवड केली होती. रुजू व्हायचं पत्र ई-मेलने येणार होतं. घरातली नोकरीसाठी इंदूरबाहेर जाणारी ती पहिली मुलगी. काकूने तिच्यासाठी सुटकेस आणून ठेवली होती.

नवव्या दिवशी ताई कंटाळून मैत्रिणीबरोबर सायबर कॅफेत गेली. मेल आलेला होता. सहा दिवसांपूर्वीच. जुलैच्या तुकडीत रुजू होणार असाल तर बुधवारपर्यंत होकार कळवा, असं त्यात लिहिलं होतं. त्या दिवशी शुक्रवार होता.

संध्याकाळी काका खाली आले. मंगळवारच्या त्या भांडणानंतर पहिल्यांदाच. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. दारात उभे राहून बाबांना म्हणाले, "भांडण माझ्याशी आहे ना तुझं? मग पोरीचं नेट का तोडलंस?"

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं, आता ते चिडतील. पण त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग काकांना म्हणाले, "दादा, मी त्या मशीनला हातसुद्धा लावत नाही."

"वर नऊ दिवस बंद, आणि खाली एक मिनिट बंद नाही. मी काय समजायचं?"

बाबांकडे याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. काका वर गेले. आजी म्हणाली, "ताट आण रे कोणीतरी," आणि कोणी हललं नाही.

त्या रात्री मी झोपलो नाही. काकांचं वाक्य डोक्यात फिरत होतं. वर नऊ दिवस बंद आणि खाली एक मिनिट बंद नाही. काका रागात बोलले होते, पण दोष कुठे आहे हे त्या घरात त्यांनीच पहिल्यांदा नीट मांडलं होतं. मोडेमपर्यंत सगळं ठीक. मोडेमपासून आमच्या कॉम्प्युटरपर्यंत ठीक. दिवे लागलेले, म्हणजे केबल ठीक. वरचं सगळंच नवं केलेलं. मग राहिलं काय? मधे बसलेला आमचा कॉम्प्युटर. नऊ दिवसांत त्याला मी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं, कारण तो चालू होता.

मे महिना असूनही माळव्यातल्या रात्री गार असतात. सगळे अंगणात झोपले होते. मी आत जाऊन कॉम्प्युटर लावला आणि फायरवॉलची नोंदवही उघडली. अडवलेल्या प्रत्येक हाकेची त्यात तारखेसह ओळ होती. पहिली ओळ गुरुवार संध्याकाळची, मी फायरवॉल टाकल्यानंतर काही मिनिटांतली. पाठवणाऱ्याचा नंबर ०.०.०.०. ज्या कॉम्प्युटरला अजून नंबर मिळालेला नाही, तो असा शून्य नंबराने हाक मारतो: मी आलोय, मला नंबर द्या. अशा ओळी पानामागून पान होत्या. मधे कुठेतरी त्या बदलल्या आणि १९२.१६८.०.२ दिसायला लागला, म्हणजे मी तो नंबर हाताने दिला त्या दिवसापासून. ताई रोज किती वाजता कॉम्प्युटर लावत होती आणि किती वेळ वाट पाहत होती, ते त्या नोंदवहीवरून सांगता आलं असतं. रविवारी रात्री पावणेबारापर्यंत ती बसली होती. आमच्याच दारावर नऊ दिवस टकटक होत होती आणि दाराला आतून कडी मीच घातली होती.

होस्ट म्हणजे यजमान. वरच्यांना नंबर देणारा, त्यांचं मागणं बाहेर नेणारा जो भाग होता, त्यालाच मी 'नाही' म्हणून बसलो होतो. आमची कामं त्याच्याशिवाय होत होती, म्हणून मला काही जाणवलं नाही.

दुरुस्तीला पाच मिनिटं लागली. त्या 'नाही'चं 'हो' केलं, आतल्या नेटवर्कला विश्वासातलं म्हणून खूण केली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. चपला न घालता वर गेलो. ताई जागीच होती. तिने काही न विचारता कॉम्प्युटर लावला. पिंगच्या चारही ओळींना उत्तर आलं. तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय झालं होतं?"

मी म्हणालो, "केबल."

हो, मी खोटं बोललो. नऊ दिवसांच्या चुकीपेक्षा मला हा एक शब्द आजही जास्त बोचतो.

सकाळी मी आजीला सगळं खरं सांगितलं. ती पोह्यांसाठी कोथिंबीर निवडत होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला कशाला सांगतोस? मी कुठली नोकरी घालवून बसलेय? वर जा." मग हाक मारून म्हणाली, "आणि आधी बापाला सांग. काल तो तुझ्या वाटचं ऐकत उभा होता."

बाबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कळलं कधी?"

"काल रात्री."

"मग नऊ दिवस काय तपासत होतास?"

"वरचा कॉम्प्युटर."

बाबा हसले. मला वाटलं होतं मार बसेल, आणि ते हसले. पण ते माझ्यावर हसत नव्हते, हे मला बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं. ते चप्पल घालून माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आले. तिथे थांबले. "इथून पुढे तू जा," म्हणाले.

वर काका दाढी करत होते. मी फायरवॉल, होस्ट, नोंदवही, सगळं सांगितलं. काल रात्री ताईला केबल म्हणालो तेही सांगितलं. त्यातलं तांत्रिक काकांना किती कळलं कोण जाणे. त्यांनी वस्तरा धुतला, पुसला. मग विचारलं, "म्हणजे त्याला काहीच माहीत नव्हतं?"

"नाही."

"तरी काल तो तुझं नाव घेऊन मोकळा झाला नाही."

मी गप्प राहिलो. ताई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिने कंपनीत फोन केला, माफी मागितली, आणि तिला पुढच्या तुकडीत, ऑक्टोबरमध्ये घेतलं. म्हणजे तिचे तीन महिने माझ्या एका 'नाही'वर गेले. मधल्या काळात सुटकेस पलंगाखाली होती आणि मी वर गेलो की ती मला दिसायची.

आता तुम्हाला वाटेल की त्यानंतर दोघं भाऊ एक झाले. तसं काही झालं नाही. घराचा वाद चालूच राहिला आणि काही वर्षांनी बाबांनी सही केली. पण त्या शनिवारी संध्याकाळी काका खाली आले, या वेळी उंबऱ्याच्या आत आले, आणि बाबांना म्हणाले, "बिल किती झालं या महिन्याचं?" बाबांनी आकडा सांगितला. काकांनी पैसे आजीच्या हातात न देता बाबांच्या हातात दिले. बाबांनी नऊ दिवसांचे परत केले. काकांनी घेतले नाहीत. यावर दोघांचं पाच मिनिटं भांडण झालं, आणि आईने तेवढ्यात चहा ठेवला.

आज त्या जागी फ्लॅट आहेत. काका दुसऱ्या मजल्यावर, बाबा पहिल्या. दोघांचे राउटर वेगळे, पासवर्ड वेगळे. नातवंडांना दोन्ही पासवर्ड पाठ आहेत. माझा मुलगा परवा म्हणाला, "बाबा, मोठ्या आजोबांचं नेट खराब आहे, आपलं तर चालू आहे." मी त्याला समजावायला गेलो आणि मधेच थांबलो. त्याऐवजी आमचा राउटर त्याच्यासमोर उघडून दाखवला. कुठला दिवा कशाचा, नंबर कोण देतं, बाहेरचा पत्ता कुठला, कोणाला अडवलंय त्याची यादी कुठे. त्या यादीत मोठ्या आजोबांचा फोन होता. गेल्या दिवाळीत पाहुण्यांचे फोन काढून टाकताना माझ्याच हातून तो अडवला गेला होता. काका आमच्याकडे पत्ते खेळायला येत, तेव्हा त्यांना नेट मिळत नव्हतं, आणि ते काही बोलले नव्हते. बोलणं नको म्हणून असेल.

मी तो फोन यादीतून काढला आणि वर गेलो. काका टीव्ही पाहत होते. म्हणालो, "काका, तुमच्या फोनला खाली नेट लागत नव्हतं ना? माझी चूक होती."

काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "या वेळी लवकर कळलं की तुला," ते म्हणाले. "ताईला फोन लाव, तिला सांगू."